भोईरभाऊंची नापास टाकी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले भोईरभाऊ रोज सकाळी माशांच्या टाकीत चिमूटभर खाणं टाकतात. टाकीत मासा एकही नाही. झाडं आहेत, दिवा आहे, फिल्टर बुडबुडतोय, आणि खाणारं कुणी नाही. सोनिवलीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगने ठरवून टाकलं, रिटायर झाल्यावर माणूस सटकला.

भाऊंची सगळी नोकरी अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये गेली. सॅम्पलमध्ये थेंब टाकायचे, रंग बघायचा आणि बॅच पास की नापास ते सांगायचं. ती सवय काही सुटली नाही. माझा चहा, जावयाची नवी गाडी, लिफ्टची दुरुस्ती, सगळ्यावर शेरा एकच: "बॅच पास नाय."

टाकी उल्हासनगरहून आणली. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, दो गोल्डफिश मेरी तरफ से ले जाओ." भाऊ म्हणाले, "अभी पानी तैयार नहीं." तो म्हणाला, "पानी में क्या तैयार होना है, नल खोलो, भरो." भाऊंनी त्यालाही नापास केलं.

मग माझा वर्ग घेतला. "हे बघा वहिनी, खाणं सडलं की पाण्यात अमोनिया होतो, त्यानं मासा मरतो. पण तो अमोनिया खाणारे जंतू असतात, रोजची चिमूट त्यांच्यासाठी. ते फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. वस्ती बसायला महिना-दीड महिना पाहिजे." तोवर नळाला येणारं बारवी धरणाचं पाणी क्लोरीन उडायला दिवसभर बादलीत ठेवून मग टाकीत घालायचं आणि संध्याकाळी टाकीतलं पाणी काचेच्या नळीत थेंब टाकून तपासायचं. हिरवा रंग म्हणजे नापास, पिवळा म्हणजे पास.

एवढा खटाटोप नातीसाठी. सात वर्षांची स्वरा दिवाळीला बंगळुरूहून येणार होती आणि पहिला मासा तिच्या हातून सोडायचा होता. बायको गेल्यापासून भाऊ एकटेच. नातीचा फोन रविवारी, तोही आईने हातात दिला तर.

दिवाळीच्या आठ दिवस आधी रंग पिवळ्यावर आला आणि भाऊ भातकापणीला बहिणीच्या गावी गेले. किल्ली माझ्याकडे. चिमूटभर खाणं टाकायचं, एवढंच काम. पण माझ्या घरी साफसफाई चाललेली, हात शिवशिवत होते. फिल्टर उघडून बघते तर स्पंज तपकिरी, बुळबुळीत. शी! भांड्यांचा साबण लावून नळाखाली असा घासला की कोरा करकरीत झाला. भाऊ शाबासकी देतील असं वाटलं होतं म्हणा ना.

भाऊ आले, स्पंज पाहिला आणि खुर्चीत बसले. "वहिनी, वस्तीच धुतलीत." दोन दिवसांत नळी हिरवीगार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोरीपुरते दोन मासे आणा," मी म्हटलं.

"तिच्या हातून सोडायचे आणि तिच्यासमोर मरू द्यायचे?" भाऊ म्हणाले.

स्वरा चार दिवस रिकाम्या टाकीपाशी राहिली. भाऊंनी तिला थेंब टाकायला शिकवलं. रोज संध्याकाळी दोघं नळीला नाक लावून बसायचे. जाताना तिने बजावलं, "पास झाली की मासे आणा आजोबा, आणि मला व्हिडिओवर दाखवा."

दिवाळीला दोन महिने होत आले. परवा संध्याकाळी मी भाजीचा डबा द्यायला गेले. भाऊंच्या एका हातात नळी, दुसऱ्या हातात फोन.

"आजोबा, आज कुठला रंग?" फोनमधून स्वराने विचारलं.

नळीतलं पाणी हळदीसारखं पिवळं होतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हिरवट हाय गो बाय," भाऊ म्हणाले. "बॅच पास नाय. उद्या बघू."

"अजून?"

"शेजारच्या आजीने स्पंज धुतला ना. त्याला वेळ लागतो."

फोन ठेवून त्यांनी नळी मुठीत झाकली.

"किती दिवस पिवळा येतोय?" मी विचारलं.

"पंधरा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिवाळीपासून रोज फोन येतोय वहिनी. मासे आले की परत रविवारवर जाईल."

मी डबा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "मी साबणही जरा जास्तच लावला होता भाऊ. अजून महिनाभर तरी लागेल."