चादरीखालची मोटारसायकल

मोटारसायकलची सर्व्हिसिंग घरच्या घरी करता येते, हे मी छातीठोकपणे सांगतो. निदान गाडी सुटी करण्यापर्यंतचं काम तर कुणालाही जमतं!

बाबा हृदयाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये होते, ताई त्यांच्याजवळ होती. त्यांची मोटारसायकल वयाने माझ्यापेक्षा मोठी, घरातल्या मानानेही मोठी. हल्ली तीही खोकत होती. म्हटलं, बाबा घरी येतील तेव्हा दोघांपैकी एक तरी ठणठणीत हवं.

"तुला येतं का पण?" आईने विचारलं.

"व्हिडिओ बघितलाय."

"पूर्ण?"

"पुढे जाहिरात लागली."

माझी पद्धत मात्र शास्त्रशुद्ध होती. बैठकीच्या खोलीत जुनी गादी अंथरली आणि काढलेला एकेक भाग क्रमाने मांडला. आधी हँडल, मग टाकी, सीट, सायलेन्सर. नट-बोल्ट घरंगळतात, म्हणून वरचे बाबांच्या हेल्मेटमध्ये आणि खालचे त्यांच्या बुटांत. हेल्मेट उशाशी, बूट पायथ्याशी. काही हरवायची सोयच नाही!

जोडायला बसलो आणि एकही भाग दुसऱ्याला ओळख दाखवेना. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. "उद्या घरी न्या. पण जपा हं, मनाला धक्का बसेल असं काहीही दिसता कामा नये."

आईने गादीकडे बघितलं आणि रडायलाच लागली. मी घाईघाईने सगळ्यावर पांढरी चादर टाकली.

दारात समोरच्या काकू उभ्या होत्या. त्यांनी चादर बघितली. चादरीचं एका टोकाला झालेलं डोकं बघितलं, दुसऱ्या टोकाला वर आलेले चवडे बघितले.

"अगं बाई! कधी?"

"आत्ताच, दुपारी," मी म्हणालो. "मी खूप प्रयत्न केला, काकू. आतून सगळं झिजलं होतं."

"ह्यांना आता काय सांगू!" आईने हंबरडा फोडला. आईला म्हणायचं होतं बाबांना. काकूंना वाटलं, आम्हा मुलांना.

अर्ध्या तासात खोली भरली. माणसं चपला बाहेर काढून मुकाट्याने भिंतीला टेकून बसत होती. मला गहिवरून आलं. आळीतल्या प्रत्येकाने त्या गाडीवरून कधी ना कधी फुकट प्रवास केला होता. म्हटलं, जाण आहे लोकांना!

बाबांच्या ऑफिसातले साहेब फुलं घेऊन आले. चादरीवर वाहिली आणि घसा खाकरून बोलायला उभे राहिले.

"कितीही ओझं टाका, कधी तक्रार नाही. आवाज कसा तो वाढवला नाही."

मी मान डोलावली. सायलेन्सर खरंच चांगला होता.

"बढती तेवढी आम्हाला देता आली नाही."

इथे मात्र मी मान डोलवायचा थांबलो. मोटारसायकलला बढती?

तेवढ्यात दारात ताई दिसली आणि ताईच्या खांद्यावर हात ठेवून बाबा! हॉस्पिटलला खाट हवी होती म्हणून आजच सोडलं होतं. गर्दीत कुणाचं लक्ष नव्हतं. बाबांनी शांतपणे साहेबांचं सगळं भाषण ऐकून घेतलं.

"साहेब, हे मी जिवंत असताना लिहून द्याल का?"

काकू किंचाळल्या. साहेब मटकन खाली बसले, नेमके टाकीवर. टण्ण! तो आवाज बाबांनी ओळखला. पुढे होऊन त्यांनी चादर ओढली.

बाबांचा हात छातीकडे गेला. आई "अहो!" म्हणून धावली. त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि एकेक भाग नीट बघितला.

"कुणी केलं?"

सगळ्या शोकाकुल मंडळींनी एकमुखाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"गाढवा!" बाबा इतके कडाडले की ताईने घाबरून त्यांची नाडीच धरली. "हे सगळं जोडून गाडी सुरू होत नाही, तोवर मी मरणार नाही! कळलं?"

बरेच महिने झाले. आता मी तो व्हिडिओ जाहिरातीसकट पूर्ण बघितलाय. डोळे मिटून गाडी जोडू शकतो. रोज सकाळी बाबा खुर्ची घेऊन समोर बसतात आणि मी जोडतो. ते मनसोक्त शिव्या घालतात. चेहऱ्यावर काय तजेला आलाय! दुपारी त्यांचा डोळा लागला की मी सकाळी बसवलेलं सगळं हळूच सोडवून ठेवतो.

काल मात्र मी न सोडवताच प्लग गायब झाला. बाबांनी माझी सगळी अक्कल काढली. संध्याकाळी चहा करायला गेलो, तर प्लग साखरेच्या डब्यात!

आईने डबा माझ्या हातातून काढून घेतला, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "तुला किती वेळा सांगितलं, माझ्या डब्यांना हात लावत जाऊ नकोस म्हणून!"