भुजंगरावांचा आवाज

भक्तीच्या पत्राला भुजंगरावांनी उत्तर दिले नव्हते. पत्र उशाशी होते, रोज उघडून वाचले जात होते आणि घडी घालून पुन्हा जागेवर ठेवले जात होते. उत्तर लिहायला ते बसलेच नाहीत असे नाही. पण 'चि. भक्तीस अनेक आशीर्वाद' याच्या पुढे लेखणी सरकली, की हे तिला बरे वाटेल का, अशी शंका यायची आणि कागद चुलीत जायचा.

मागणे तसे लहानच होते. भक्ती ही त्यांच्या थोरल्या भावाची नात. परभणीच्या एका कॉलेजात ती रेडिओचे शिक्षण घेत होती. परीक्षेसाठी तिला एक श्रुतिका करायची होती. माणसांचे बोलणे, संगीत, पावलांचे नि चुलीचे आवाज, सगळे स्वतः ध्वनिमुद्रित करायचे होते. श्रुतिकेत एक आजोबा होते आणि त्यांना एकच वाक्य होते, "आलीस बाळा? बस." एवढे बापूंनी, म्हणजे भुजंगरावांनी, म्हणावे आणि आवाज वापरायला हरकत नाही असे लिहून कळवावे. तिला शिकवणाऱ्या नीलम मॅडमचा नियमच होता, ज्याचा आवाज, त्याच्या सहीचे पत्र. पत्र नसेल तर श्रुतिका बाद, आणि श्रुतिका बाद तर वर्ष बाद.

भुजंगराव बोरीच्या वाचनालयात आयुष्यभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसले. ती पाटी पाळणारे गावात ते एकटेच. बायको गेल्यापासून तर घरातही बोलायला कुणी उरले नव्हते. आपला आवाज ऐकण्याजोगा आहे, असे त्यांना कधी वाटले नाही, आणि आहे असे त्यांना कुणी सांगितलेही नाही.

"न्हाई म्हणले न्हाईत, म्हंजी हो म्हणलेत," असा अर्थ काढून भक्ती रविवारी सकाळी दारात हजर झाली. बरोबर वर्गातला हरिओम. त्याच्या गळ्यात हेडफोन, हातात माईक आणि काखेत तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांची, पेंढी. चूल पेटल्याचा आवाज तुराट्या मोडून काढायचा होता.

हरिओमने खोलीत टाळी वाजवली. चारी भिंतींना पुस्तके होती.

"भक्ते, लय भारी खोली हाय. पुस्तकं आवाज पिऊन घ्यायलीत, घुमत न्हाई अजिबात."

दोघांनी दाराला आतून कडी घातली, खिडकीत गोधड्या कोंबल्या आणि माईक भुजंगरावांसमोर धरला.

"बापू, बोला."

भुजंगराव बोलले.

"बापू, बोला की," हरिओम म्हणाला.

"बोललो की."

"मशिनीला कळलं न्हाई. जरा मोठ्यानं."

दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा 'बाळा' आधी आले आणि 'आलीस' राहूनच गेले. भक्तीचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊ द्या बापू, घटकाभर बसा. आधी रडणं उरकू," ती म्हणाली. श्रुतिकेच्या शेवटी आजोबा वारतात आणि घरात रडारड होते.

रडायला शेजारची तानुबाई आधीच येऊन बसली होती. गावात कुणी गेले की पहिली हाक तिला. मेलेल्याचे गुण गात ती अशी रडायची की वैऱ्याच्याही डोळ्यांत पाणी यावे. भक्तीने तिला सगळे समजावून सांगितले. तानुबाईने शांतपणे विचारले, "मेलंय कोण?"

"कुणीच न्हाई आजी. समजायचं, की एक म्हातारा मेला."

"समजून कसं रडू गं? नाव न्हाई, गाव न्हाई. मला माणूस दाखव."

खोलीत म्हातारा माणूस एकच होता. तानुबाईने भुजंगरावांकडे पाहिले. "बापू, तुमाला चालंल का?"

भुजंगरावांना उभ्या जन्मात नाही म्हणता आले नव्हते. ते पुस्तकांना टेकून बसले. तानुबाईने डोक्यावरून पदर घेतला, जमिनीवर हात आपटले आणि सूर लावला.

"भुजंगदादा रंऽऽ, असा कसा गेला रंऽऽ! कुनाला उलटून बोलला न्हाईस रंऽऽ! माज्या लेकराला पुस्तक दिलंस, आन् मागायला बी आला न्हाईस रंऽऽ!"

हे ऐकता ऐकता भुजंगरावांनी स्वतःच डोळे पुसले. हरिओमने अंगठा वर केला. मशीनवरचा आवाजाचा दिवा लालेलाल झाला होता. तुराट्यांचे आवाज, पावले, मग पुन्हा थोडे रडणे, असे काम रंगात आले.

गोधड्यांनी बाहेरचे आत येऊ दिले नाही, पण आतले बाहेर जायचे थांबले नाही. तानुबाईचे रडणे गोधडीला ऐकणारे नव्हते. आणि रडण्याच्या घरी जाऊन काय झाले असे विचारायचे नसते. जायचे आणि बसायचे. त्यातून नाव स्पष्ट ऐकू आले होते. दार बंद, म्हणजे आत मयताला अंघोळ घालत असतील. गाव अंगणात बसले.

बऱ्याच वेळाने हरिओमने हेडफोन घट्ट दाबले. "बाहेर बांबू कोण फोडायलंय?"

भक्तीने गोधडीचे टोक उचलले आणि तशीच खाली बसली. "बापू, बाहेर तिरडी बांधायलेत."

"कुणाची?"

"तुमची."

भुजंगराव विचारात पडले. आपल्यापायी लोकांची ऐन कामाची सकाळ मोडली, याचे त्यांना फार वाईट वाटले. आता बाहेर जावे तर इतकी माणसे खजील होणार. न जावे, तर पुढचे काही बरे दिसत नव्हते. तेवढ्यात हरिओमने माईक गोधडीच्या फटीत सरकवला आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. "बापू, ऐका तर. राम भाषण करायलाय."

राम हा गावचा हौशी वक्ता. पण मयत स्मशानात पोचण्याआधी तो सहसा बोलत नसे. आज रडे लांबले होते आणि बसलेल्यांना काहीतरी हवे होते.

"भुजंगराव आपल्यातून गेले," कानात राम बोलत होता. "त्यांचे विचार थोर होते. ते नेहमी म्हणायचे..." इथे राम अडला. "नेहमी म्हणायचे... काय म्हणायचे हो?"

कानात नुसती कुजबुज आली.

"आवाज कसा होता त्यांचा?" कुणीतरी विचारले.

"मला एकदा 'हं' म्हणले होते," गल्लीतली कडूबाई म्हणाली. "नातवाच्या बारशाला. का माझ्याच कानाला तसं वाटलं, देव जाणे."

कुणी हसले नाही. भुजंगरावांनी हेडफोन काढून हरिओमच्या हातात दिले. मरणाचे त्यांना काही वाटले नव्हते. म्हातारपणी ते यायचेच. पण एवढे गाव दारात बसले होते, आणि त्यांतल्या एकाच्याही कानात आपण नाही, हे मात्र आत कुठेतरी लागले. ते उठले आणि त्यांनी कडी काढली.

उंबऱ्यात उभे राहून ते काहीतरी म्हणाले. रडण्याच्या गदारोळात ते कुणाला ऐकू गेले नाही, आणि सगळ्यांचे डोळे पुसणे चालू असल्याने कुणाला दिसलेही नाही. भुजंगरावांनी छाती भरून श्वास घेतला.

"अहो! मी चूल पेटवायलोय! चहा कोण कोण घेणार?"

अंगण चिडीचूप झाले. मयताच्या घरी चूल पेटत नाही. ज्या घरात चूल पेटते, त्या घरात मयत नसते. भूत असते तर त्याने चहाचे विचारले नसते. हा हिशेब एकेकाच्या डोक्यात उतरू लागला.

"साखर कमी," मागून एक जण चाचरत म्हणाला.

मग मात्र एकच कालवा झाला.

"मी भाकरी तव्यावर टाकून आले हो!" कडूबाई कडाडली. "आन् आता मला सांगा, आंघोळ करायची का न्हाई?"

"मयतच न्हाई तर आंघोळ कशाची?"

"पण रडले की मी! खरंखुरं रडले!"

"बापू, आधी सांगायचं की," राम घाम पुसत म्हणाला. "भाषण ऐन रंगात आलं होतं."

"बांबूचं काय करायचं आता?"

"माझ्या दोडक्याला मांडव पायजेच होता," कडूबाई म्हणाली आणि तिने बांबू जागीच ताब्यात घेतले. आतून तानुबाई ओरडली, "मधीच बोलू नगा रं, माजं अजून ऱ्हायलंय!"

चहा झाला. भांडी अपुरी पडली म्हणून लोक पाळीपाळीने प्याले. जाताना प्रत्येकाने भुजंगरावांना दोन शब्द बोलायला लावले, आणि त्यांनी ते बोलून दाखवले.

हरिओमने मशीन बंदच केले नव्हते. संध्याकाळी निघताना भक्ती म्हणाली, "बापू, श्रुतिका बदलायची म्हणते मी. तुमचं ते वाक्य ऱ्हाऊ द्या. आजचं हेच घेते, चहाच्या हाकेसकट. पण मॅडमला तुमचं पत्र लागतंय. आत्ताच लिहिता का?"

"कुणी बघत असलं की मला लिहिता येत नाही," भुजंगराव म्हणाले. "पोस्टानं पाठवतो."

भक्तीने मान डोलावली. मागच्या पत्राची आठवण तिने काढली नाही, आणि तेच त्यांना जास्त बोचले.

रात्री जेवण न करताच ते लिहायला बसले. नेहमीप्रमाणे शंका आली. कागद चुलीत न टाकता शंकाच त्यांनी थोडा वेळ चुलीजवळ शेकली आणि परत येऊन लिहिले:

'चि. भक्तीस अनेक आशीर्वाद. माझा आवाज वापरण्यास माझी हरकत नाही. तो कापावा लागला तरी चालेल. तानुबाईचे रडणे मात्र कापू नये. आणखी एक. रामचे माझ्यावरील भाषण अर्धे राहिले आहे. ते पुरे ध्वनिमुद्रित करायचे असेल, तर मी पुन्हा आत बसायला तयार आहे.'

खाली सही केली. सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच ते पेटीपाशी गेले, पाकीट फटीत घातले, क्षणभर धरून ठेवले आणि सोडून दिले.