नेटवाल्यांना रोडगे

अकोल्याच्या आरतीची नोकरीची मुलाखत दुपारी तीनला होती आणि घरातलं इंटरनेट आदल्या दिवसापासून बेपत्ता होतं. मोबाइलची रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय यायची नाही. पुण्याची कंपनी व्हिडिओवर मुलाखत घेणार होती. वर्षभर अर्ज केल्यावर आलेलं हे पहिलंच बोलावणं, त्यामुळे आरतीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तक्रारीसाठी टाकीवर चढून फोन केला की एक बाई गोड आवाजात धीर द्यायची आणि थोड्या वेळाने तक्रार सोडवल्याचा मेसेज यायचा.

"कोनाची सोडवली मंग?" आरतीची आई, वच्छलाबाई, भडकल्या. "आपली तं जशीच्या तशी हाय!"

अखेर सहदेव नावाचा लाइनमन उगवला. त्याने तारेला हात लावल्यासारखं केलं, "वरूनच बंद हाय, काकू. येतोच मी" म्हणाला आणि पाठ फिरवली. मागच्या वेळी तो असाच 'येतोच' म्हणून जो गेला, तो आज दिसत होता. वच्छलाबाईंनी पदर खोचला.

"नेट आल्याबिगर कुठी जाऊन राहिला? बस. रोडगे लावले म्या."

रोडगे कुठले लावलेले! पण बोलून गेल्यावर त्यांनी अंगणात गोवऱ्या पेटवल्या. रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, निखाऱ्यावर निवांत भाजतात, हा त्यांचा मोठाच गुण. आणि रोडगे, वांग्याची भाजी सोडून उठणारा वऱ्हाडी माणूस अजून जन्माला यायचा आहे.

सहदेवला आणायला ऑफिसातून बंडू आला. त्याला वास आला, तोही बसला. मग दोघांना न्यायला मॅनेजर शालिकराम तणतणत आले.

"दोघं बी इथं काय करून राहिले रे? तिकडं हापिस उघडं पडलं!"

"तुमी तं साहेब मानूस," वच्छलाबाईंनी पाट मांडला. "उपाशी जाऊ देते का मी तुमाले?"

साहेबांनी तुपात बुडवलेला दुसरा रोडगा संपवल्यावर वच्छलाबाईंनी मुद्द्याला हात घातला. "आता सांगा, नेट कवा येते?"

"त्यात काय, काकू!" शालिकराम म्हणाले. "हापिसात एक बटन दाबाचं हाय फक्त."

"मंग दाबून काहून नाई राहिलं कोनी?"

"दाबनारे तिघं बी इथंच हावो ना."

वच्छलाबाईंचा वाढता हात थांबला. तीन वाजत आले होते. "उठा, मेलेहो, उठा!" पण इतके रोडगे पोटात गेल्यावर कोण उठतो? सहदेवने फक्त पट्टा सैल केला. वच्छलाबाईंनी रडकुंडीला येऊन आरतीला हाक मारली. घरात आरती नव्हती, लॅपटॉपही नव्हता.

'हापिस उघडं पडलं' हे शालिकरामांचं बोलणं कानावर पडताच आरतीने पलीकडच्या गल्लीतलं त्यांचं उघडं ऑफिस गाठलं होतं. तिथलं नेट मात्र सुसाट होतं. ती मॅनेजरच्या खुर्चीत बसूनच मुलाखत देऊ लागली.

संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. "लागली नोकरी, आई!"

"माय वो! काय पाह्यलं त्याइनं तुह्यात?"

"मुलाखत चालू असताना नेटवाल्यांचे गिऱ्हाईक येऊन भांडत होते. मी एकेकाले गोड बोलून खुर्चीवर बसवून ठेवलं. पुण्याचे साहेब खूश!"

"मंग काम काय हाय?"

आरतीने अख्खा पेढा आईच्या तोंडात घातला.

"लोकाइचं नेट बंद पडलं की त्याइले फोनवर धीर द्याचा."

तो पेढा गिळायला वच्छलाबाईंना बराच वेळ लागला.