अर्थिंगचा वाद

मंगळवार, दिनांक २१ जानेवारी २००३ रोजी, सकाळी साडेनऊ वाजता, लोंबार्दीतील सरोवराच्या पूर्व काठी वसलेल्या कोर्तेनेरा गावी, चर्चच्या पायऱ्यांसमोर, दिवंगत एर्कोले वाल्सेक्की यांच्या मोटरसायकलीने चालू होण्यास नकार दिला. दिवंगत स्वतः त्या वेळी आठ पावलांवर, नव्या कोऱ्या शववाहिकेत, पेटीत होते. अन्यथा या नकाराच्या कारणांविषयी त्यांनी आपले मत नक्कीच ऐकवले असते.

गाडीवर बसलेला होता निवृत्त सर्व्हेअर तार्चिझिओ बोनाचिना, वय एकाहत्तर. जुन्या मोटरसायकलींच्या गावमंडळाचा नियम असा होता, की मेलेल्या सभासदाची गाडी स्वतःच्या इंजिनावर दफनभूमीपर्यंत सर्वांच्या पुढे जायची आणि ती कोणी चालवायची हे त्या सभासदाने जिवंतपणीच वहीत लिहून ठेवायचे. एर्कोलेने तार्चिझिओचे नाव लिहिले होते आणि पुढे कंसात खुलासा केला होता : ‘म्हणजे ती चालू करताना काय हाल होतात ते त्याला एकदा कळेल.’

ती गाडी अठ्ठ्याहत्तर सालची होती, लाल, दोन सिलिंडरांची, आणि थंडीच्या दिवसांत तिच्या मनात असेल तेव्हाच चालू होणारी. या लहरीपणाचे कारण काय, यावर दोघा मित्रांत बावीस वर्षे वाद चालला होता. एर्कोले म्हणे, दोष रिलेचा, म्हणजे स्टार्टरला वीज सोडणाऱ्या स्विचचा. तार्चिझिओ म्हणे, दोष अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जाणाऱ्या तारेचा. रिले पाच वेळा बदलला गेला, स्टार्टर दोनदा उघडला गेला, आणि तार्चिझिओने आपल्या प्रतिपादनाच्या समर्थनार्थ आकृत्यांसह चाळीस पानांचे टिपण लिहिले. एर्कोलेने ते आपल्या कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराखाली, दार हलू नये म्हणून, लावून ठेवले होते.

गेल्या बुधवारी मात्र एर्कोले थकून म्हणाला होता, “लाव बाबा तुझी तार. एकदाचा गप्प तरी बसशील.” तार्चिझिओने बोटभर जाडीची नवी अर्थिंगची तार बसवली. गुरुवारी सकाळी त्याला फोन आला. “पहिल्या बटणाला चालू झाली,” एर्कोले म्हणाला. आणि मग, “तुझं बरोबर होतं.” बावीस वर्षांत ही एकमेव कबुली. त्यानंतर तासाभरात, दफनभूमीच्या अलीकडच्या वळणावर, गोठलेल्या रस्त्यावरून एर्कोले घसरला. गाडीचा फक्त आरसा फुटला.

तेव्हापासून पाच रात्री तार्चिझिओ एकच अनुमान पुन्हा पुन्हा तपासत होता. तार बसवली म्हणून गाडी चालू झाली. गाडी चालू झाली म्हणून एर्कोले गेला. या युक्तिवादात त्याला कुठे फट सापडत नव्हती, आणि आयुष्यात प्रथमच आपण चुकलो असावे अशी त्याची मनापासून इच्छा होती.

आज बटण दाबूनही गाडी गप्प राहिली, तेव्हा त्याला आधी सुटल्यासारखे वाटले आणि लगोलग त्याची लाज वाटली.

“काय रे, काय झालं?” मंडळातला जाडा ओरेस्ते विचारू लागला.

“दिवे लागतात. बटण मेलेलं आहे.”

“मग रिले असेल. एर्कोले म्हणायचाच.”

“रिले नाही,” तार्चिझिओ सवयीने म्हणाला.

“फ्यूज बघितलेस?”

तार्चिझिओने बाजूचे झाकण काढले. पांढरे, गोळीच्या आकाराचे सहा फ्यूज आपापल्या पट्ट्यांत बसलेले होते आणि सहांचीही तार अखंड होती. “फ्यूज एक तर जळलेला असतो, नाही तर नसतो,” तो म्हणाला. “तिसरी अवस्था शास्त्रात नाही.” आणि त्याने झाकण लावले.

एर्कोलेची विधवा इल्दे पायरीवर काळ्या कोटात उभी होती. ती रडत नव्हती. ती दफनभूमीच्या रस्त्याकडे पाहत होती. पूर्वेच्या डोंगरामुळे त्या वळणावर अजून सावली होती.

“किती वाजले, फादर?” तिने विचारले.

“पावणेदहा,” फादर फेर्मो म्हणाले. त्यांचे नाक निळे पडले होते. “इल्दे, मी म्हणतो, गाडी ढकलत नेली तर? देव इंजिनाचा आवाज मोजत नाही.”

“एर्कोले मोजायचा,” इल्दे म्हणाली. “तार्चिझिओला प्रयत्न करू द्या. सावकाश होऊ दे.”

तार्चिझिओने मग असा निष्कर्ष काढला, की बॅटरी थंडीने कच खाते आहे आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज उसनी घ्यावी लागेल. जवळ उभे असलेले सर्वांत नवे आणि सर्वांत दमदार वाहन म्हणजे शववाहिका. तिचा चालक नेल्लो हात चोळत उभा होता.

“नाही हो सर्व्हेअरसाहेब,” नेल्लो म्हणाला. “हिचं सगळं कॉम्प्युटरवर आहे. मालकानं हिला नुसती पुसायलासुद्धा वेगळं फडकं दिलंय.”

“अरे, दोन तारा जोडायच्या आहेत. मी पन्नास वर्षं जोडतोय.”

“आत गिऱ्हाईक आहे, साहेब.”

“त्याची हरकत नसेल. त्याच्याच गाडीसाठी आहे.”

तारा जोडल्या गेल्या, आणि अगदी नियमाप्रमाणे जोडल्या गेल्या. तार्चिझिओने बटण दाबले. काही नाही. त्याने पुन्हा, जरा रागाने, दाबले. गाडी स्टँडवर डुलली, थंडीने ताठरलेला तारेचा चिमटा निसटून गाडीच्या सांगाड्यावर पडला, आणि एक निळी ठिणगी चर्चच्या दारापर्यंत दिसली. मोटरसायकलीला काहीही झाले नाही. शववाहिकेचे मात्र दिवे गेले, पडद्यावरची अक्षरे गेली, आणि पोटातून खट् असा एक आवाज आला.

“हा कसला आवाज?” फादरनी विचारले.

नेल्लोने दार ओढून पाहिले, बटणे दाबून पाहिली, आणि परत येऊन टोपी काढली. “ब्रेक लागले. मागचं दार पण लॉक झालं.”

“मग गाडी ढकला.”

“ब्रेक लागलेत म्हणतोय ना, फादर.”

“मग पेटी बाहेर काढा, खांद्यावर नेऊ,” ओरेस्ते म्हणाला.

“दार लॉक झालंय.”

“आतून उघडत असेल की.”

नेल्लोने त्याच्याकडे शांतपणे पाहिले. “आतून उघडायची सोय नाही. आजवर कोणी मागितली नाही.”

यावर हसावे की नाही हे कोणालाच ठरवता येईना. शहरातल्या गाडीदुरुस्तीच्या कारागिराला फोन गेला. तो म्हणाला, तासाभरात येतो. अशा रीतीने एर्कोले वाल्सेक्की आपल्याच अंत्ययात्रेच्या दिवशी, चर्चच्या गल्लीच्या तोंडाशी, कुलूपबंद होऊन राहिला. पाववाल्याची गाडी मागे अडकली, पोस्टमन सायकल टेकवून उभा राहिला. चामड्याची जाकिटे घातलेले अकरा म्हातारे शववाहिकेभोवती पाय आपटत फिरू लागले. ओरेस्तेने सर्वांना कोपऱ्यावरच्या बारमधून ग्राप्पा आणून दिली. एक पेला सवयीने जास्त आला. तो कोणी प्यायला नाही आणि परतही केला नाही.

तार्चिझिओ शववाहिकेच्या काचेशी उभा राहिला. “आता तरी सांग, रिले की अर्थिंग,” तो हळूच म्हणाला. मागून इल्देचा आवाज आला.

“किती वाजले, तार्चिझिओ?”

“साडेदहा. इल्दे, मला माफ कर. मी आज त्याचं सगळंच बिघडवून ठेवलं.”

“घाई काय आहे,” ती म्हणाली. “त्याला कुठे जायचंय.”

अकराला दहा मिनिटे असताना कारागीर आला. त्याने कसलीशी डबी जोडली, एक फ्यूज बदलला, आणि शववाहिका पूर्ववत जिवंत झाली. फादरनी सुटकेचा श्वास टाकला आणि फर्मावले, की मोटरसायकल आता ढकलतच न्यावी. तार्चिझिओने मान खाली घातली आणि हँडल धरले.

“थांब,” इल्दे म्हणाली.

डोंगराच्या खांद्यावरून ऊन उतरले होते. ते छपरांवरून सरकत दफनभूमीच्या रस्त्यावर पोहोचले, आणि वळण ओले होऊन चमकू लागले. इल्देने ते नीट पाहून घेतले. मग ती पायरी उतरली, हातमोजा काढला, गाडीचे बाजूचे झाकण उघडले आणि अंगठ्याने चौथा फ्यूज जागच्या जागी अर्धा फिरवला. झाकण लावले. तार्चिझिओच्या हातावरून हात नेऊन तिने बटण दाबले.

इंजिन पहिल्या हाकेला बोलले. अकरा म्हाताऱ्यांनी एकदमच पाय आपटायचे थांबवले.

“त्या फ्यूजच्या टोकाला एका बाजूनं गंज आहे,” इल्दे म्हणाली. “ती बाजू पट्टीला लागली की स्टार्टर मरतो. धुकं असलं, बर्फ असला, की मी सकाळी फिरवून ठेवायची. ऊन पडलं की सरळ करायची. तुम्ही दोघं गॅरेजमध्ये भांडत बसायचात, मला बरं वाटायचं. गरम सूप आणून देत होते ना?”

“बावीस वर्षं?” तार्चिझिओ म्हणाला.

“हिवाळ्यातच फक्त.”

“आणि आज?”

“आज पहाटे त्या वळणावर बर्फाची नुसती काच होती. तू एकाहत्तरचा आहेस. या महिन्यात मला दुसरी अंत्ययात्रा नको होती. मला वाटलं, तासभर खटपट कराल आणि ऊन येईल. शववाहिका मोडशील असं नव्हतं वाटलं.”

तार्चिझिओच्या ओठांवर एकच प्रश्न होता आणि तो विचारण्याचे धैर्य त्याच्यात नव्हते. इंजिन चालू होते. शेवटी त्याने तो विचारला. “मग गुरुवारी... माझी तार...”

इल्देने हातमोजा पुन्हा चढवला. एकेक बोट, सावकाश.

“गुरुवारी मी लेको शहरात बहिणीकडे होते,” ती म्हणाली. “बुधवारी संध्याकाळी गेले. इथलं हवामान बघायचं राहून गेलं, फ्यूज सरळच राहिला.”

बावीस वर्षांचा विजय आणि पाच दिवसांचा अपराध हे दोन्ही तार्चिझिओच्या हातून एकाच वेळी काढून घेतले गेले; आणि डोळ्यांत येणारे पाणी यांपैकी कशाचे, हे त्याच्यासारख्या काटेकोर माणसालाही निश्चित करता येईना.

“म्हणजे अर्थिंग नव्हतं,” तो म्हणाला.

“नाही.”

“रिलेही नव्हता.”

“पहिल्या गियरमध्येच ने, वळणावर ब्रेक मारू नकोस,” इल्दे म्हणाली, आणि शववाहिकेच्या मागे आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिथून तिने, सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने, उरलेले उत्तर दिले. “गाडीत कधी काही बिघाड नव्हताच.”