शेवटच्या घरचा नमुना

जावयाची एक सवय आत्याबाईंना मुळीच खपत नव्हती. हा माणूस पाणी पिण्याआधी त्याचा वास घ्यायचा!

म्हणजे बघा, सासूनं स्वतःच्या हातानं घासलेला लख्ख पेला, त्यात काठोकाठ गार पाणी, आणि हा गृहस्थ तो पेला आधी उजेडाकडे धरणार, एक डोळा बारीक करणार, मग नाकाशी नेऊन हुंगणार आणि त्यानंतर कुठे मेहेरबानी केल्यासारखा एक घोट घेणार. जसं काही सासूनं त्यात उंदराचं औषधच कालवलंय!

"अगं, पाणीखात्यात आहेत ते. पाणी तपासणं हे कामच त्यांचं," यजमान समजूत घालायचे.

"तुमचा धाकटा भाऊ पोस्टात होता, तो काय जेवायच्या आधी ताटावर शिक्का मारायचा?"

यजमान पुन्हा पेपरात तोंड घालायचे. तीच जागा त्यांना सुरक्षित वाटायची.

खरं म्हणजे राग वासाचा नव्हता, राग होता संशयाचा. शाळा आत्याबाईंना चार बुकांच्या पुढे माहीत नव्हती, पण स्वच्छतेत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांची घासणी हातात आली की भांडी चळचळा कापायची. त्यांच्या ओट्यावर माशीला बसायचं झालं तर आधी पाय पुसून यावं लागेल, असं गल्लीत म्हणायचे. आणि अशा बाईच्या घरचं पाणी हुंगायचं?

त्यात गावाला नवी पाइपलाइन आली. टाकी गावाच्या त्या टोकाला. तिथून निघालेलं पाणी सारे गल्लीबोळ हिंडून शेवटी आत्याबाईंच्या अंगणातल्या नळात येऊन थांबायचं. त्यांच्या पलीकडे घर नाही, नुसतं माळरान. पाणीखात्याचा हिशेब सरळ होता. टोकाच्या नळाचं पाणी चांगलं, तर गावाचं पाणी चांगलं. तेव्हा तपासणीचा नमुना घ्यायचा तो शेवटच्या घरातून, आणि घ्यायचा कुणी, तर जावयानं!

आदल्या दिवशी लेक धावत आली. "आई, उद्या त्यांना काही बोलू नकोस हं. नमुना नापास झाला तर मोठे साहेब त्यांची बदली करणार आहेत, लांब तिकडे धरणावर. मग मलाही जावं लागेल."

लेक शेजारच्याच गल्लीत राहायची. तिनं मिक्सर लावला की आवाज आईच्या स्वयंपाकघरात यायचा आणि आईला कळायचं, आज उशिरा उठली वाटतं! तो मिक्सर धरणावर जाणार?

"माझ्या नळाचं पाणी नापास होतंय होय?" आत्याबाईंनी कंबर कसली. "तू निर्धास्त राहा. मी आहे ना!"

त्या 'मी आहे ना'नंच पुढे सगळ्या गावाला पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी जावई पेटी घेऊन हजर. आधी त्यानं काचेच्या छोट्या नळीत नळाचं पाणी घेतलं आणि त्यात कसलेसे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं!

"वा! छान पिवळं झालं!" जावई म्हणाला.

आत्याबाईंना ते वर्मी लागलं. सासूच्या नळाचं पाणी पिवळं निघालं आणि वर टोमणा मारतो, छान म्हणे! पण लेकीसाठी त्यांनी दातांखाली जीभ धरली.

मग जावयानं स्पिरिटात बुडवलेला कापसाचा बोळा चिमट्यात धरून पेटवला आणि थेट नळाच्या तोंडाला लावला. आता मात्र जीभ दातांखालून सुटली.

"अहो जावईबापू! नळाला अग्नी देताय?"

"तोटीवरचे जंतू मरतात, आई. पद्धतच आहे ती."

समोरच्या खिडकीतली शिवणवाली मशीन थांबवून ओरडली, "आत्याबाई, नळ गेला का हो?"

"गेला नाही! तू शिवण बघ तुझी!"

तेवढ्यात जावयाचा फोन वाजला. "बाटलीला हात लावू नका हं, आई. निर्जंतुक आहे ती," असं बजावून तो बोलत बोलत फाटकाबाहेर गेला.

आत्याबाईंनी बाटलीकडे नुसतं पाहिलं. बघायला काय हात लावावा लागतो? आणि त्यांच्या अंगावर काटाच आला. कागदातून डोकावणाऱ्या बाटलीच्या तळाशी पांढरी भुकटी! निर्जंतुक म्हणे! न धुतलेल्या बाटलीत पाणी न्यायचं आणि मग आमच्या नळाला नावं ठेवायची? असल्या गलथानपणापायी माझी लेक धरणावर?

पुढचं काम त्यांच्या हातांनी आपोआप केलं. बाटली उचलली, कागद सोडला, बूच काढलं, घासणीनं आतून-बाहेरून खसाखसा घासली, विसळली, ओट्यावरच्या फडक्यानं टिपून कोरडी केली आणि बूच लावून होती तशी कागदात गुंडाळून पेटीत ठेवली. बाटली अशी चकाकत होती, की तिची तिला ओळख पटली नसती.

जावई आला, बाटली भरली, घेऊन गेला. आत्याबाई त्या रात्री अगदी शांत झोपल्या.

मग निकाल आला. तो आधी शिवणवालीला कळला, कारण गावात सगळं आधी तिलाच कळायचं.

"आत्याबाई! तुमच्या घरचा नमुना वाईट निघाला म्हणे!"

"कुठला?" आत्याबाई म्हणाल्या. "एक पेपर वाचतोय, एक पाणी हुंगतोय. नमुने दोन आहेत आमच्यात."

"अहो, पाण्याचा!"

आणि पाणीखात्याची गाडीच भोंगा वाजवत गल्लीत शिरली. "नागरिकांनी पाणी उकळून प्यावं! शेवटच्या घरचा नमुना दूषित आढळला आहे! शेवटच्या घरचा!"

ते 'शेवटच्या घरचा' दर वळणावर दोनदा! गावभर एकच चर्चा. लोक आत्याबाईंच्या फाटकाकडे असे बघत जाऊ लागले, जशी काही आत साथच खाट टाकून बसलीय. कळस केला तो दूधवाल्यानं. ज्या माणसानं जन्मभर दुधात पाणी घातलं, तो दूर उभं राहून विचारतो, "आत्याबाई, पाणी कसं आहे हो तुमचं?"

"तुझ्या दुधापेक्षा दाट!" आत्याबाई कडाडल्या.

लेक मात्र रडवेली झाली होती. "आई, साहेबांनी आणखी एकदा तपासायला सांगितलंय. या वेळी काही झालं तर..."

"काही होत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "या वेळी मी नीट लक्ष घालते."

त्यांनी भल्या पहाटे नळाचं पाणी भरलं, खळखळा उकळलं, गार केलं, कापडातून गाळलं, पुन्हा उकळलं, पुन्हा गाळलं. पाणी दमून गेलं, पण बाई दमल्या नाहीत. जावई आला. झोप नसल्यानं त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. पेटी उघडता उघडता तो म्हणाला, "आई, नळाचं पेलाभर पाणी देता? आधी थेंब टाकून बघतो."

याचीच तर वाट बघत होत्या! त्यांनी आतून उकळलेल्या पाण्याचा पेला आणला. नळाचंच होतं ते, खोटं कशाला बोला. जावयानं थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं, स्फटिकासारखं!

"बघा!" आत्याबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "पिवळेपणाचं नाव तरी आहे का?"

पाणी नितळ राहिलं आणि जावई पिवळा पडला. त्यानं टाकीवरच्या पंपवाल्याला फोन लावला. "अरे, टोकापर्यंत औषधच पोचत नाहीये! थेंबभरसुद्धा नाही! दुप्पट कर, आत्ताच्या आत्ता!"

"कुणाला औषध? बरं नाही का तुम्हाला?" आत्याबाईंनी काळजीनं विचारलं. पण तो बाटली न भरताच पंपाकडे धावत सुटला होता.

पंपवाला आधीच घाबरलेला. त्यानं दुप्पटीचं चौपट केलं. संध्याकाळच्या पाण्याला असा भपकारा सुटला, की नळ उघडला की माणसं घराबाहेर आणि नळ घरात. न्हाव्याच्या खुर्चीत डोकं भिजवून बसलेली गिऱ्हाइकं डोळे चोळत रस्त्यावर आली. शिवणवालीनं भिजत घातलेला गिऱ्हाइकाचा काळा कोट सकाळी राखाडी निघाला.

"आत्याबाई!" तिनं तो खिडकीतून फडकावला. "हा कोट जरा बघा! एका रात्रीत पिकला हो, पिकला!"

अखेर सारे नळ सोडून ते पाणी वाहून घालवलं आणि मोठे साहेब स्वतः शेवटच्या घरी आले. मागे निम्मी गल्ली. लेक दाराआड. यजमान पेपराआड.

"हा शेवटचा नमुना," साहेब जावयाला म्हणाले. "माझ्यासमोर घ्या. हाही वाईट निघाला, तर सामान बांधायला लागा."

जावयानं पेटी उघडली, बाटलीवरचा कागद काढला. आत्याबाईंनी तळाकडे पाहिलं आणि त्यांचा तोल सुटला.

"थांबा! पुन्हा तशीच घाणेरडी बाटली? खात्यात पाण्याचा दुष्काळ आहे का? पहिल्या वेळी निदान मी घासून तरी दिली होती!"

जावयाच्या हातातला कागद गळून पडला.

"तुम्ही... बाटली... घासलीत?" जावई एकेक शब्द करत म्हणाला.

"नाही तर काय! आणि पुसून कोरडी केली. असली भुकटी होती आत!"

"बाई, ती भुकटी तपासणीसाठी मुद्दाम घातलेली असते," साहेब कपाळाला हात लावून म्हणाले. "त्या बाटलीत आम्ही स्वतः बोट घालत नाही! पुसलीत कशानं?"

"ओट्यावरच्या फडक्यानं. स्वच्छ असतं माझं फडकं!"

"आणखी काय काय पुसता त्यानं?"

"काय म्हणजे? ओटा, हात, कढई, यांचा चष्मा. आणि मांजर भिजून आलं तर मांजर."

यजमानांनी पेपर खाली केला, चष्मा काढला आणि तो उजेडाकडे धरून पाहिला.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "आम्ही सगळ्या गावाला तुमचं मांजर उकळून प्यायला सांगितलं!"

गल्ली खो खो हसली. आत्याबाईंच्या कानशिलापर्यंत लाली चढली, पण मान खाली जाईना. "आणि ते पिवळं? पिवळं होऊ नये म्हणून मी दोनदा उकळून दिलं, त्याचं काय?"

"उकळून?" जावई किंचाळलाच. "पिवळं व्हायलाच हवं, आई! पिवळं म्हणजे पाण्यात जंतू मारायचं औषध आहे! उकळलं की ते उडून जातं!"

"मग पहिल्या दिवशी छान म्हणालात ते..."

"छानच होतं म्हणून म्हणालो!"

"मग फोड करून सांगायला तोंड नव्हतं का तुम्हाला?"

"तुम्ही उघडू देता कुठे?"

लग्न झाल्यापासून जावई पहिल्यांदाच उलट बोलला होता. दाराआडून लेकीचं खुदकन हसू ऐकू आलं. आत्याबाई तडक घरात गेल्या, झारा घेऊन आल्या आणि बाटलीशेजारी पहाऱ्याला उभ्या राहिल्या. साहेबांनी सहज बघायला हात पुढे केला मात्र!

"हात लावू नका! निर्जंतुक आहे!"

साहेबांनी हात खिशात घातला. जावयानं बोळा पेटवला, नळाला लावला. समोरून शिवणवालीनं तोंड उघडलं, पण झारा तिकडे वळलेला बघून मिटलं.

नमुना पास झाला. भोंग्याची गाडी पुन्हा गल्लीतून गेली, या वेळी 'शेवटच्या घरचा' असं एकदाच म्हणून. चांगलं सांगताना यांचा घसा बसतो!

त्या संध्याकाळी जावई घरी आला. बदली टळली होती. लेकीच्या मिक्सरची घरघर थेट इथवर ऐकू येत होती. आत्याबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. जावयानं तो घेतला आणि सासूचा मान म्हणून ना उजेडाकडे धरला, ना नाकाशी नेला. सरळ तोंडाला लावला.

आत्याबाईंनी खसकन त्याच्या हातातून पेला काढून घेतला.

"वास न घेता पिता? पाणीखात्यात आहात का झोपा काढताय? आधी उजेडाकडे धरा! हं. आता हुंगा, नीट हुंगा. फडकं कालच बदललंय, मांजराचं वेगळं केलंय, पण माझा भरवसा धरू नका. नमुना आहात जावईबापू तुम्ही, अगदी अस्सल नमुना! पण पास!"