मौन विभागाची स्थापना

आमचं यान म्हातारं झालं, ही गोष्ट समितीने खेदपूर्वक मान्य केली. सूर्यमालेच्या पार टोकाला गेलेलं यान. त्यातली वीज दरवर्षी थोडी थोडी ओसरत होती. सगळंच चालू ठेवलं तर सगळंच बंद पडणार, म्हणून एखादं उपकरण बंद करावं, एवढाच विषय. मी समितीचा सचिव असल्यामुळे चहा आणि तोडगा या दोन्हींची जबाबदारी माझ्याकडे होती.

अडचण अशी की प्रत्येक उपकरणामागे एक विभाग होता, विभागाला एक प्रमुख आणि प्रमुखाच्या बुडाखाली फिरती खुर्ची.

"आमचं चुंबकमापक बंद केलंत, तर उद्यापासून मी काय मापू?" चुंबकवाले म्हणाले.

"कॅमेरा बंद करा ना," धूळ मोजणारे म्हणाले. "तिथे मिट्ट काळोख. फोटो कसले काढता?"

"काळोखाचेच," कॅमेरावाले म्हणाले. "तुमच्या धुळीपेक्षा बरे येतात."

शेवटी मीच मार्ग काढला. यानावर विभाग नसलेलं एकच यंत्र होतं, ते म्हणजे ट्रान्समीटर. तो सगळ्यांची माहिती पृथ्वीवर पाठवायचा, त्यामुळे तो कुणाचाच नव्हता. शिवाय सगळ्यांत जास्त वीज तोच खायचा. ठराव एकमताने पास झाला.

विरोध केला तो फक्त ऐकणाऱ्या बाईंनी, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. या बाई कित्येक वर्षं कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, कानाला हेडफोन लावून यानाचा आवाज ऐकत आल्या होत्या. "अहो, इतक्या लांबून ते बोलतंय आणि तुम्ही त्याचं तोंड बांधताय? जिवंत आहे की गेलं, एवढं तरी कळेल का आपल्याला?" बोलता बोलता त्यांनी हेडफोन काढून माझ्यापुढे धरला. मलाही वाईट वाटलं, पण ठराव झाला होता.

ट्रान्समीटर बंद झाला. बाकीची उपकरणं सुरू राहिली, निदान तसं मानायला कुणाची हरकत नव्हती. न आलेल्या माहितीत कुणालाच चूक काढता येईना, त्यामुळे विभागांचे अहवाल वेळेवर येऊ लागले. मग प्रश्न उभा राहिला, की ही शांतता जिवंत यानाची की मेलेल्या? याचा सखोल अभ्यास व्हायला हवा होता. तेव्हा मौन विभाग स्थापन झाला आणि दांडगा अनुभव पाहून बाईंना प्रमुख नेमलं. केबिन, दारावर पाटी, फिरती खुर्ची, हाताखाली माणसं.

पुढे एका नव्या सदस्याने उत्साहाच्या भरात सुचवलं, "ट्रान्समीटर पुन्हा सुरू करायचा संदेश पाठवून बघू या का? थोडी वीज असेल अजून."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. यान एक शब्द जरी बोललं असतं, तरी मौन विभाग बरखास्त करावा लागला असता. बाई खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत म्हणाल्या, "नको. या वयात त्याला कशाला उगाच त्रास?"

हाही ठराव एकमताने पास झाला.

तुम्हाला बाईंचा राग आला असेल. येऊ द्या. आधी जरा उठून बघा, तुमची खुर्ची कुणाला गप्प बसवून उभी आहे ते. उठवत नसेल तर बसून राहा. आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे.