सुदामचं पडणं

सन दोन हजार सहा. मी बासष्ट वर्षांचा होतो. माझा शेजारी सुदाम माझ्याच वयाचा, आणि रोज सकाळी तो कापसाच्या खोलीत शिरून आतून कडी लावी, डोकं खाली करी अन् पाय वर फेकी.

योगबिग काही नाही. त्याला दोन हातांवर उभं राहायचं होतं.

हे खूळ लागलं कळंबच्या जत्रेत. तिथं एक कसरतवाली बाई हातांवर चालत अख्खं रिंगण फिरली. सुदाम म्हणाला, "हे आपल्याले जमन."

मी म्हणालो, "आपल्या वयात माणूस आडवा होते बाप्पा, उलटा नाही."

झालं! सुदामला नाही म्हणणं म्हणजे बैलाला मागून ढोसणं. खेळ संपल्यावर तो त्या बाईपाशी गेला, हात जोडले आणि विद्या घेऊन आला. बोटं पसरायची, जमीन बोटांनी धरायची, नजर दोन हातांच्या मधात. मी चौथी शिकलो, तो तेवढाही नाही. पण कोणी काही शिकवलं तर आम्ही ते वाया जाऊ देत नाही.

त्याचा एक ठरलेला बोल होता, "घाई कायची हाय?" बस सुटून राह्यली तरी हा तंबाखू मळत उभा. "जाऊ दे, घाई कायची हाय?" त्या वर्षी भाव पडला म्हणून आम्ही सगळ्यांनीच कापूस घरात भरून ठेवला होता. माझ्या घरी झोपायला जागा नव्हती, आणि कापसातल्या किड्यांनी सगळ्यांची अंगं खाजून लाल झाली होती. सुदामला विचारलं, "कापूस इकतं कवा?" तर म्हणे, "घाई कायची हाय? पडाले बरा हाय."

पण तो हिवाळा हसण्याचा नव्हता. आमच्या गल्लीतली दोन धडधाकट माणसं गेली. कशानं गेली ते सगळ्यांना ठाऊक, ओठांवर कोणी आणत नव्हतं. माणूस गप्प बसला तरी घरच्यांना भीती, फार हसला तरी भीती. माझी सून मला शेतात एकट्याला जाऊ देत नव्हती. मी तिच्यावर खेकसायचो. मी काय लेकरू होतो?

अशा दिवसांत सुदामनं पहिल्यांदा आतून कडी लावली. त्याची अन् माझी भिंत एकच. आतून धप्प आवाज आला आणि माझ्या हातातला चहा सांडला. धावत गेलो तर त्याची बायको कौसाबाई दारावर दोन्ही हातांनी बडवत होती. मी दाराला खांद्यानं धडक दिली, कडी निखळली.

आत कापसाच्या ढिगातून दोन पाय वर आलेले. पाय हलत होते.

कौसाबाईनं ते पाय धरून त्याला बाहेर ओढलं, आधी पाठीत एक बुक्की घातली, मग भोकाड पसरलं. मिशीतला कापूस थुंकत सुदाम म्हणाला, "रडतं कायले? आयक. जोवर मी दोन हातावर उभा राह्यत नाही, तोवर कुठीच जात नाही. तुह्या गळ्याची शपत."

मग कडी पुन्हा ठोकली आणि रोजचं सुरू झालं. मला घोर दोन. एक, याची मान मोडते. दुसरा, बंद दाराचा. कौसाबाई माझ्या ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसे, कान भिंतीकडे. धप्प झालं की म्हणे, "पडले बाप्पा!" आणि सूप उचलून चहा टाकायला जाई. नवरा पडल्यावर इतकी खुश होणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

एका सकाळी धप्प झालंच नाही.

तांदूळ निवडून झाले. ती तेच पुन्हा निवडू लागली. "भाऊजी," ती हळूच म्हणाली, "आवाज काहून नाही येऊन राह्यला?"

मी उठून घरामागं धावलो. मागच्या अंगाला त्या खोलीचा झरोका होता. मी दगडावर चढलो, डोळे मिटले, मग उघडले.

सुदाम हातांवर उभा होता. भिंतीपासून दूर, भुईच्या मधोमध, रोवलेल्या खांबासारखा. धोतराचा काचा घट्ट, बोटं पसरलेली. मला वाटतं, तो त्या वेळी सुखात होता.

समोरून कौसाबाईची हाक आली, "अहो! आयकून राह्यले का?"

त्यानं लगेच अंग सोडलं. कापसात धप्पकन पडला आणि कण्हत ओरडला, "पडलो ओ! आजबी नाही जमलं!"

"पडले बाप्पा!" तिकडून आवाज आला. मग चुलीपाशी भांडं वाजलं.

सुदाम अंग झटकत उठला, तेव्हा झरोक्यात माझं तोंड दिसलं. जवळ येऊन हळू आवाजात दटावलं, "किसन, तिले सांगशीन तं याद राख."

"कवापासून जमून राह्यलं?"

"संक्रांतीपासून."

"मंग सांगत काहून नाही बे?"

त्यानं दाराकडे पाहिलं. कानातला कापूस काढला.

"घाई कायची हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला म्हणालो, कापसाच्या खोलीतली खाट बाहेर काढ. तिचा चेहरा उतरला. "कायले, मामाजी?"

"दार उघडंच ठेवतो. तू उंबऱ्यावर बस."

धोतर खोचलं, हात भुईला टेकले, पाय फेकले. धप्प. सून आधी किंचाळली, मग तोंडाला पदर लावून हसता हसता भिंतीला टेकली. पलीकडून सुदाम ओरडला, "बोटं पसर ना बे!"

मी बोटं पसरली.